ॲस्टर गल्चच्या बाया आणि मायचं बाक

निघण्याआधी

माय गेल्यानंतरचं जवळजवळ वर्षभर मी एकाच विषयावरची पुस्तकं वाचत होते. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झालेली बाई दुःखातही वाचणार, त्यात नवल नाही. पण दुसरं काही वाचायला घेतलं की दोन पानांवर मन थांबायचं, आणि या एका विषयावर थांबत नव्हतं. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत सोनं-चांदी सापडली, रातोरात गावं उभी राहिली, आणि त्या गावांत काही बाया येऊन राहिल्या. त्यांनी काय खाल्लं, कपडे कसे धुतले, नवरा खाणीत मेल्यावर कशा जगल्या, हे मी हळूहळू वाचत होते.

या वाचनामागे माझी माय होती. देवकाबाई. रामटेक तालुक्यातल्या मँगनीजच्या खाणीवर तिनं तरुणपणाची बरीच वर्षं काढली. आमच्याकडे खाणीला खदान म्हणतात. बाया ओळीनं उकिडव्या बसायच्या, हातोडीनं ढेकळं फोडायच्या, चांगला माल एका बाजूला, निकामी दुसऱ्या बाजूला, आणि भरलेलं टोपलं डोक्यावर घेऊन ढिगाकडे. पुढे बाबांना नागपुरात काम लागलं आणि आम्ही शहरात आलो. मायच्या हाताच्या रेषांतलं काळं मात्र शेवटपर्यंत गेलं नाही. खदानीबद्दल ती बोलत नसे. आम्हीही विचारत नसू.

आमच्या वस्तीतल्या विहाराच्या अंगणात पिंपळाखाली बाकं आहेत. घरातलं माणूस गेलं की त्याच्या आठवणीत बाक द्यायची आमच्याकडे रीत पडली आहे. बाकाच्या पाठीवर ग्रॅनाइटची पाटी, पाटीवर नाव. मिलिंद माझा धाकटा भाऊ, खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला. मायच्या पहिल्या स्मृतिदिनाला बाक द्यायचं त्यानं ठरवलं आणि पाटीवरचा मजकूर माझ्यावर सोपवला. सोपवला म्हणायचं एवढंच. त्याच्या मनात तो तयार होता.

"फक्त 'माय' लिहू, ताई. एकच शब्द. त्यात सगळं आलं."

"नाव?"

"नाव कशाले? ज्याले माहीत हाय त्याले माहीत हाय."

"आणि खदानीचं?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "ते काहून? शाळेत पोरं मले काय म्हणत, तुले आठवते ना? मायच्या हातावरून मले 'काळ्या' म्हणत. तिनं ते सगळं मागं टाकलं, ताई. तू पुन्हा तिच्या डोक्यावर टोपलं देऊन राहिली का?"

आजही वाटतं, त्या प्रश्नाला सरळ उत्तर नव्हतंच. मजकूर मी अमेरिकेहून परत आल्यावर देईन, एवढं मात्र ठरलं. मिलिंदची धाकटी मुलगी प्रज्ञा डेन्व्हरला नोकरी करते. "आत्या, तू पुस्तकात वाचतेस ती गावं माझ्या घरापासून अर्ध्या दिवसावर आहेत," असं ती किती दिवस म्हणत होती. शेवटी मी तिकीट काढलं होतं.

निघायच्या आधी बबनची माय भेटायला आली. ही मायची खदानीतली जोडीदारीण. दोघी एकाच ओळीत शेजारी बसायच्या. आता ती मुलाकडे कन्हानला असते. माझी बॅग उघडी पडलेली पाहून तिनं विचारलं, "तिकडं बी खदानी हायेत म्हणते?"

"होत्या, मावशी. आता बंद पडल्या."

"अन् बाया?"

"बायाच पाहायला चालले आहे."

"मंग माझं एक काम कर वं. त्या बाया शिदोरीले काय नेत होत्या, तेवढं पाहून ये. आमची तर भाकर अन् मिरचीचा भुरका. दुपारपर्यंत धूळ बसून भाकर बी काळी अन् आमचे दात बी काळे."

मी वाचलेल्या एवढ्या पुस्तकांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

डेन्व्हरहून वर

सप्टेंबर संपत आला होता. डेन्व्हर सोडून गाडी डोंगरांत शिरली तशी माझं डोकं जड व्हायला लागलं. प्रज्ञा म्हणाली, उंचीमुळे होतं, पाणी पीत राहा. मी पाणी पीत राहिले आणि खिडकीतून बघत राहिले. काळपट हिरवे पाइन, आणि मध्येच ॲस्पेन नावाच्या झाडांचे पिवळेधमक पट्टे. ॲस्पेनचं पान वाऱ्यानं पिंपळासारखंच थरथरतं. हे पाहून मला फार बरं वाटलं. इतक्या लांब आल्यावर ओळखीचं काही भेटलं की माणूस उगीच आभारी होतो.

तेवढ्यात मागच्या सीटवर फट् असा आवाज झाला. प्रज्ञानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"टायर गेला वाटतं, आत्या!"

टायर शाबूत होता. नागपूरच्या इतवारीतल्या दुकानदारानं मशीननं पक्कं बंद करून दिलेलं चिवड्याचं पाकीट उंचीवरच्या विरळ हवेत फुगत फुगत उशीएवढं झालं होतं आणि फुटलं होतं. चिवडा सीटवर, काचेवर, प्रज्ञाच्या केसांत. ती हसत सुटली. मी शेंगदाणे वेचायला लागले.

"आत्या, राहू दे ना! अमेरिकेत कोणी सीटवरचे शेंगदाणे वेचत नाही."

"तू जन्मली कुठं?"

"नागपुरात."

"मग वेच."

दोघींनी मिळून वेचले. माय गेल्यानंतर मी पोटभर हसले ते त्या रस्त्याच्या कडेला.

आम्ही निघालो होतो त्या ॲस्टर गल्च गावाजवळ एक ओढा लागतो. त्याचं पाणी भगवट नारिंगी. काटोलच्या बाजारात संत्र्यांचे ढीग लागतात, तसा रंग, पण पाण्याला. जुन्या खाणींतून झिरपणाऱ्या पाण्यामुळे ओढ्याचा तळ असा रंगला आहे आणि ते पिऊ नये, अशी पाटी होती. मला आमच्या खदानीतले पावसाळ्यात भरणारे काळे खड्डे आठवले. तिथं पाटी नव्हती. माय सांगायची, गुरंसुद्धा वास घेऊन परत फिरायची. खदानीबद्दल ती जे थोडं बोलली, त्यातलं हे एक.

मार्थाबाईंची खानावळ

ॲस्टर गल्च म्हणजे दोन डोंगरांच्या बेचक्यात एक रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी घरं. एके काळी इथं चांदी निघत होती. आता पर्यटक येतात, तेही बर्फ पडेपर्यंत. आम्ही उतरलो ते घर पूर्वी खाणकामगारांची खानावळ होतं. आज तिथं मार्था नावाची सत्तरी ओलांडलेली बाई चार खोल्या पाहुण्यांना देते. उंच, खणखणीत आवाजाची, जीन्स घातलेली. प्रज्ञा तिला नुसती "मार्था" म्हणे. माझी जीभ वळेना. मी मार्थाबाई म्हणायला लागले. "बाई" म्हणजे काय, तिनं विचारलं. मी म्हटलं, मानाचं आहे. ती म्हणाली, "मग दोनदा म्हणा."

पहिल्याच सकाळी माझ्याकडून गडबड झाली. नाश्ता झाला. मार्थाबाई एकट्याच आत-बाहेर करत होत्या. घरची बाई उभी आणि आपण बसून, हे आमच्या अंगवळणी नाही. मी उठले, टेबलावरच्या सगळ्यांच्या बशा गोळा केल्या आणि मोरीशी जाऊन घासायला लागले. दुसऱ्या टेबलावरचं एक जोडपं अजून खात होतं. त्यांच्याही बशा मी उचलल्या होत्या.

प्रज्ञा धावत आली. "आत्या! ते खात होते!"

मार्थाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. मला वाटलं, रागावणार. त्यांनी त्या जोडप्याला नवीन बशा दिल्या, मग ओट्यावरून फडकं उचललं आणि माझ्या शेजारी उभ्या राहून धुतलेल्या बशा पुसायला लागल्या. "या घरात पाहुण्यानं भांडी घासली नव्हती कधी," त्या म्हणाल्या. "माझ्या पणजीला फार आवडलं असतं."

मग बोलणं सुरू झालं. भांडी घासताना दोन बाया जसं बोलतात तसं, एकमेकींकडे न बघता.

त्यांची पणजी इंग्लंडच्या अगदी दक्षिण टोकाकडून नवऱ्यासोबत आली. तिकडचे पुरुष पिढ्यान् पिढ्या खाणीत काम करणारे. इथं आल्यावर नवरा दरड कोसळून गेला. पोरं लहान. तिनं खानावळ उघडली. खाणीत पाळ्या चालत, त्यामुळे एक माणूस कामावर जायला उठला की त्याच्या अजून गरम असलेल्या बिछान्यात दुसरा येऊन झोपे. मी म्हटलं, आमच्या नागपूरजवळ वाडीला ट्रकवाल्यांच्या खोल्या आजही अशाच चालतात. "मग चादरी कोण धुतं?" त्यांनी लगेच विचारलं. मला ते माहीत नव्हतं. त्यांच्या घरात तोच मुख्य प्रश्न होता. पणजी स्वयंपाक करून वर सगळ्यांचे कपडे धुवायची. ओढ्यावरून पाणी आणायचं, तापवायचं, खाणीच्या चिखलानं कडक झालेले कपडे उकळायचे, घासायचे. हिवाळ्यात दोरीवरचे कपडे गोठून पाटासारखे ताठ व्हायचे आणि ते तसेच उभे घरात आणावे लागायचे.

जेवणाच्या खोलीतल्या भिंतीवर कपडे घासायची जुनी पाटी टांगलेली होती. लाकडी चौकट आणि मध्ये पन्हाळीसारखा वळ्यावळ्यांचा पत्रा. पत्र्याचे वळ मधोमध झिजून सपाट झाले होते.

"पाहुणे हिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात," मार्थाबाई म्हणाल्या. "सजावट छान आहे म्हणतात. आणि माझी मावशी, तिनं मी ही टांगली म्हणून या घरात पाय ठेवणं बंद केलं. म्हणाली, आपल्या घराण्याला धोबीण ठरवतेस."

मी घासता घासता थांबले. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, मावशी, तुझी आई शाळेत गेली ती या पाटीवर बसून गेली."

"पटलं त्यांना?"

"छे! मरेपर्यंत बोलली नाही." त्या हसल्या आणि मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "तिचंही चूक नव्हतं. तिला लहानपणी चिडवलं होतं पोरांनी."

मला मिलिंद आठवला. मी पुढची बशी घासायला घेतली.

दुपारी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. बबनच्या मायचा प्रश्न मी त्यांना विचारला होता आणि त्याचं उत्तर त्या करून दाखवणार होत्या. त्याला पेस्टी म्हणतात. आपल्या करंजीचीच मोठी बहीण, तळहातापेक्षा लांब, भट्टीत भाजलेली. आत बटाटा, कांदा, सलगमसारखा एक कंद आणि मांसाचे तुकडे. कधी कधी एका टोकाला सफरचंद भरायचे, म्हणजे जेवण आणि गोड एकाच घासाच्या वाटेवर. खाणीतल्या माणसाच्या हाताला काय काय लागलेलं असे. तो कडेची जाड मुरड धरून खाई आणि मुरड टाकून देई.

त्या मुरड घालत होत्या ती आपल्या करंजीच्या मुरडीसारखीच. मी हात धुतले आणि एक घातली. मायची मुरड बारीक आणि दोरीसारखी पडायची. माझी तशी पडत नाही, पण त्या दिवशी बरी पडली. मार्थाबाईंनी ती उचलून उजेडात धरली. "हे कुणी शिकवलं?"

"माझ्या आईनं. तीही खाणीवर होती."

"स्वयंपाकाला?"

"खाणीतच. हातोडीनं मँगनीज फोडायची."

त्यांनी पेस्टी खाली ठेवली. मग मला सगळं सांगावं लागलं. ओळीनं बसणं, टोपलं, हातांतलं काळं. खदानीबद्दल इतकं मी एका वेळी कुणाशीच बोलले नव्हते, मराठीतही नाही. इंग्रजीत शब्द शोधावे लागत होते, त्यामुळे हळूहळू बोलत होते, आणि हळू बोलल्यामुळे रडू आलं नाही.

पेस्टीच्या एका टोकाला कणकेचं अक्षर चिकटवायची तिकडे रीत होती. अर्धी खाऊन ठेवली तरी कुणाची ते कळावं म्हणून. मार्थाबाईंनी माझ्या पेस्टीवर माझं अक्षर लावलं, प्रज्ञाच्या पेस्टीवर तिचं, स्वतःच्यावर स्वतःचं. एक उरली.

"आईचं नाव काय?"

"देवका."

त्यांनी सुरीनं कणकेचा "डी" कापला आणि बोटानं दाबून बसवला.

खाणीच्या तोंडाशी

गावामागच्या डोंगरात एक जुनी खाण पाहुण्यांना दाखवतात. प्लास्टिकची टोपी घालून आत जायचं. तिथं वाट दाखवणारे गृहस्थ स्वतः तरुणपणी खाणीत काम केलेले, गप्पिष्ट. तोंडाशीच थांबवून त्यांनी आम्हाला सांगितलं, "पूर्वी तुम्हा बायकांना इथून पुढं पाऊल टाकता आलं नसतं. बाई खाणीत शिरली की अपघात होतो, असं जुने लोक मानायचे. बाई आत आली तर अख्खी पाळी काम सोडून बाहेर यायची."

मार्थाबाई हौसेनं आमच्याबरोबर आल्या होत्या. "माझी पणजी कधीच आत गेली नव्हती," त्या म्हणाल्या. "तरी दरड कोसळलीच."

ते हसले. त्यांना हे दर वेळी ऐकावं लागत असावं. मग मार्थाबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "यांची आई खाणीत काम करायची."

"कोणत्या खाणीत?"

"भारतात. मँगनीज. उघडी खाण, भुयार नाही," मी म्हटलं.

त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "आणि पुरुष बाहेर पळाले नाहीत?"

"नाही. ते तिच्या शेजारी बसून फोडायचे. मजुरी तेवढी त्यांना जास्त मिळायची."

"हं," ते म्हणाले. "हे मात्र इथल्यासारखंच."

आतल्या थंड अंधारात मी फार काही पाहिलं नाही. पाण्याचे थेंब, भिंतीत ठोकलेल्या मेणबत्तीच्या लोखंडी खुंट्या. मनात दोन्हीकडच्या बाया येत होत्या. इकडच्या बायांना खाणीबाहेर ठेवलं आणि खाणीतला सगळा चिखल त्यांच्या टबात पाठवला. आमच्या बायांना खदानीत बसवलं आणि घरी गेल्यावर चूल होतीच. कुणाचं बरं, हे ठरवायला मी गेले नव्हते. पण दोन्ही गावं बायांच्या हातांवर उभी होती, एवढं दिसत होतं, आणि ते बघायला मिळालं म्हणून मला त्या डोंगराचेही आभार मानावेसे वाटले.

बाहेर उन्हात बसून आम्ही पेस्ट्या खाल्ल्या. "डी" लिहिलेली आम्ही तिघींत वाटून घेतली. मुरड टाकायची असते म्हणतात, पण आम्ही मुरडीसकट खाल्ली.

मदर

निघायच्या आदल्या दिवशी मार्थाबाई आम्हाला गावाच्या वरच्या अंगाला, ॲस्पेनच्या झाडीतल्या जुन्या दफनभूमीत घेऊन गेल्या. पिवळी पानं दगडांवर पडून राहिली होती. पुरुषांच्या दगडांवर नाव, गाव, कुठल्या खाणीत मेला तेही. बायांच्या दगडांवर अमक्याची पत्नी. आणि कितीतरी दगडांवर एकच शब्द कोरलेला, मदर.

पहिला तसा दगड पाहून मी गहिवरले. मिलिंद म्हणाला तेच. एकच शब्द, त्यात सगळं आलं. मला वाटलं, तो बरोबर होता. आता त्याला फोन करून सांगावं, तुझंच ठेवू. मी दगडावरची पानं हातानं बाजूला केली आणि थोडा वेळ तिथंच बसले.

मार्थाबाई पुढे गेल्या होत्या. त्यांनी उतारावरून हाक मारली. तिथं दोन दगड जवळजवळ होते. कधीकाळी त्यांच्याभोवती लाकडी कुंपण असावं, आता चार कुजलेले खुंट उरले होते. दोन्ही दगड सारखे. दोन्हींवर मदर.

"ही माझी पणजी," मार्थाबाई म्हणाल्या.

"कोणती?"

"या दोघींपैकी एक."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"खानावळीतले सगळे तिला मदरच म्हणायचे," त्या सांगत होत्या. "शेजारची दुसरी कुणाची तरी मदर. पणजीचं नाव माझ्या आजीला माहीत होतं. एलिझा की एलन, असं काहीतरी. आजी होती तोवर आम्हाला विचारावंसं वाटलं नाही. सगळ्यांना माहीतच आहे, असं प्रत्येकाला वाटायचं."

त्यांनी आणलेल्या रानफुलांचे दोन भाग केले आणि एकेक भाग दोन्ही दगडांपाशी ठेवला. "म्हणून मी दोघींना देते," त्या म्हणाल्या. त्यांचा खणखणीत आवाज तिथं खाली आला होता.

ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे, असं मिलिंद म्हणाला होता. ते माहीत असणारे किती दिवस पुरतात, ते माझ्या समोर होतं.

खानावळीत परतल्यावर मी त्याला फोन लावला. तिथं संध्याकाळ, नागपुरात सकाळ. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"बोल ताई. थंडी हाय का तिकडं?"

मी त्याला ते दोन दगड सांगितले.

"दोन्हीवर मदर?"

"दोन्हीवर."

"मंग फुलं कोणाले देते ते बाई?"

"दोघींना."

त्यानं जाऊन कुकर बंद केला. मग म्हणाला, "बरं, नाव टाकू. देवकाबाई. ठीक हाय."

मी तिथं थांबू शकले असते. पण समोर भिंतीवर ती झिजलेली पाटी होती. मी त्याला तीही सांगितली. घराण्याला धोबीण ठरवतेस म्हणणारी मावशी सांगितली, आणि तिलाही लहानपणी पोरांनी चिडवलं होतं हेही. तो चिडेल, फोन ठेवेल, असं मला वाटत होतं.

"ताई."

"हं."

"मायची हातोडी माझ्याजवळ हाय."

मला तर वाटत होतं, शहरात येतानाच ती कुठंतरी राहिली. "तुझ्याजवळ? कधीपासून?"

"निघताना बाबा फेकून राहिले होते. मी उचलली, दप्तरात टाकली. मंग क्वार्टरमधी होती, आता इकडं हाय. दांडा बदलला मी दोनदा. खिळे ठोकाले लागते." आणि मग कुणी आरोप केल्यासारखा म्हणाला, "चांगली हाय, म्हणून ठेवली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. लहानसा मिलिंद, दप्तरात ती जड हातोडी, आणि शहरातली नवी शाळा. कुणी "काळ्या" म्हणालं की तो दप्तर छातीशी धरून बसत असेल का, हे मी त्याला विचारलं नाही.

"लिही मंग तू," तो म्हणाला. "पण एक सांगतो. दगड फोडले असं नको लिहू. लोकाले काही समजत नाही. दगड नव्हता तो. मँगनीज होतं."

नागपूर

स्मृतिदिन डिसेंबरात होता. विहारात भंतेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, पुण्यानुमोदन झालं, खीर वाटली. पांढऱ्या कपड्यांतली माणसं पिंपळाखाली उन्हात रेंगाळत होती. नवं बाक सगळ्यांत कडेला होतं. मिलिंद सकाळपासून दोनदा ते पुसून आला होता.

बबनची माय काठी टेकत आली आणि कुणी बस म्हणायच्या आत बसली. मग मागं वळून पाटीवर हात ठेवला. तिला वाचता येत नाही.

"काय लिवलं वं?"

मी वाचून दाखवलं. "कालकथित देवकाबाई. यांनी खदानीत मँगनीज फोडलं. सुजाता आणि मिलिंदची माय."

"मँगनीज कोणतं यातलं?"

मी तिचं बोट धरून त्या शब्दावर ठेवलं. तिनं एकेक अक्षर चाचपलं. तिच्या हाताच्या रेषाही मायसारख्याच होत्या.

"लई बारीक लिवलं," ती म्हणाली. "टोपल्याचं वजन पाहता मोठं लिवायचं होतं."

मागं उभा असलेला मिलिंद हसला. मग तिनं आपल्या कामाची आठवण दिली. मी तिला पेस्टी सांगितली, करंजीसारखी मुरड सांगितली, एका टोकाला मांस-बटाटा आणि दुसऱ्या टोकाला सफरचंद हे सांगितलं.

"सफरचंद!" तिनं पदर तोंडाला लावला. "आमचा मुकादम एखाद दिवशी शिवी न देता बोलला, तर तेच आमचं गोड. तुही माय म्हणे, आज भुरका बी गोड लागून राहिला."

हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मायनं केलेला विनोद, ती गेल्यावर वर्षानं.

"माझ्या बाकावर बी मँगनीज लिवजो," ती मिलिंदला म्हणाली. "पण घाई नको करू गा. मरू तर दे मले आधी."

"लिहितो ना, मावशी," मिलिंद म्हणाला, आणि मग तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. मीही थांबले होते. आम्हाला चालता येत नव्हतं तेव्हापासून ती बबनची माय होती. आमच्या आईनंही आमच्यासमोर तिला दुसऱ्या नावानं हाक मारलेली मला आठवेना.

मी तिच्यापुढे वाकून विचारलं, "मावशी, तुझं नाव काय?"

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, थट्टा करतेय का म्हणून. मग पाटीकडे. मग समोर, जिथं नुसतं ऊन होतं.

"गिरजा," ती म्हणाली. "बाई-बिई नाही. देवका मले गिरजाच म्हणे."

आणि बाकावर थोडी सरकून तिनं मला जागा केली.